जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द उच्चारला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें एखादें पडकें देऊळ, बुजत चाललेली बारव किंवा वाळवी लागलेली पोथी उभी राहते. मोटारगाडी उभी राहत नाहीं. मोटार ही वापरावयाची, झिजली कीं विकावयाची आणि शेवटीं भंगारवाल्याच्या हवालीं करावयाची वस्तु, अशीच आपली समजूत आहे. व ती सर्वस्वीं चुकीची आहे असेंही नाहीं. परंतु अमेरिकेंत अशीं पुष्कळ माणसें आहेत कीं, जीं पन्नास-साठ वर्षांपूर्वींच्या गंजलेल्या मोटारी कष्टानें शोधून काढतात, त्यांचा बोल्टन् बोल्ट सुटा करतात, आणि वर्षानुवर्षें फावल्या वेळीं खपून त्या पुन्हां चालत्या करतात. ह्या मोटारींस तिकडे 'मसल कार' म्हणतात. आपण त्यांस बाहुबलाच्या मोटारी म्हणूं. ह्या महिन्यांत त्यांच्याविषयीं लिहावें असें आम्हीं योजिलें आहे.

निमित्त झालें तें एका वाचकभगिनींच्या पत्राचें. त्यांचे चिरंजीव मिशिगनमध्यें इंजिनियर आहेत. त्यांनीं तेथें १९६५ सालची एक पाँटिॲक 'लेमान्स' मोटार घेतली. ती चालत नव्हती, म्हणून दुसऱ्या गाडीवर लादून घरीं आणिली. आणि गेलीं दोन वर्षें शनिवार-रविवार चिरंजीव तिच्याखालीं उताणे पडलेले असतात. मातोश्रींस नखांतल्या काळ्या ग्रिसाचें दुःख आहेच; पण त्याहून मोठी तक्रार निराळी आहे. मुलाचे मित्र त्याला सांगतात, "हिला अमुक इंजिन आणि तमुक नांवाचीं अक्षरें लाव, म्हणजे तुझा सारा खर्च भरून निघेल." मुलगा तें ऐकत नाहीं. "एवढा पैसा ओतून वर हा हट्ट! ह्याला व्यासंग म्हणावा कीं व्यसन?" असा त्यांचा प्रश्न आहे. उत्तर देण्यापूर्वीं ही वस्तु काय आहे तें नीट पाहिलें पाहिजे, कारण त्या 'तमुक नांवां'तच सारें प्रकरण दडलेलें आहे.

प्रथम ह्या मोटारींची कुळकथा. १९६३ च्या सुमारास जनरल मोटर्स कंपनींत असा दंडक होता कीं, मध्यम आकाराच्या मोटारींत ३३० घन इंचांहून, म्हणजे सुमारें ५.४ लिटरांहून, मोठें इंजिन बसवूं नये. पाँटिॲक ही त्याच कंपनीची एक शाखा. तिचे मुख्य इंजिनियर जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्या दंडकांतून पळवाट काढली. नवी मोटार काढावयाची तर वरिष्ठांची संमति लागणार. पण असलेल्याच 'टेंपेस्ट लेमान्स' मोटारीवर, ज्यास हवें त्यानें जादा पैसे देऊन घ्यावें असें सामान म्हणून मोठें इंजिन देऊं केलें तर? अशा रीतीनें १९६४ च्या नमुन्यांत ३८९ घन इंचांचें, ३२५ अश्वशक्तीचें इंजिन घातलेली 'जी. टी. ओ.' अवतरली. ह्या जादा सामानाची किंमत तीनशें डॉलरांच्या आंत होती. पहिल्याच वर्षीं बत्तीस हजारांवर गाड्या खपल्या. मग काय विचारतां! शेव्हरोले, प्लिमथ, डॉज, फोर्ड अशा सर्वच घराण्यांनीं मध्यम शरीरांत प्रचंड हृदय बसविण्याचा सपाटा लावला. क्रायस्लर कंपनीचें 'हेमी' नांवाचें इंजिन तर ४२६ घन इंचांचें, म्हणजे जवळजवळ सात लिटरांचें होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेलीं मुलें नुकतीं मिळवतीं झालीं होतीं, पेट्रोल स्वस्त होतें, रस्ते सरळ व लांब होते. त्या पिढीच्या तारुण्याची खूण म्हणून ह्या मोटारी ओळखल्या जातात.

हा बहर फार दिवस टिकला नाहीं. तरुण चालक व प्रचंड इंजिन हा योग विमा कंपन्यांस परवडेना, म्हणून हप्ते भरमसाट वाढले. १९७० च्या अखेरीस हवा शुद्ध राखण्याचा कडक कायदा झाला. १९७१ च्या नमुन्यांत जनरल मोटर्सनें, कमी शिशाच्या साध्या पेट्रोलावर चालावीं म्हणून, आपल्या इंजिनांतील दाब उतरविला. १९७२ पासून अश्वशक्ति मोजण्याची रीतही बदलली. पूर्वींचे फुगीर आंकडे जाऊन सर्व जोडसामानासह प्रत्यक्ष जें बळ उरतें तेंच छापलें जाऊं लागलें. ऑक्टोबर १९७३ मध्यें अरब राष्ट्रांनीं तेल अडविलें आणि पेट्रोलच्या पंपांवर रांगा लागल्या. तेव्हां उरलासुरला उत्साहही मावळला. जेमतेम दहा वर्षांचा हा खेळ. त्या काळांत ज्या गाड्या झाल्या त्या झाल्या. त्यांत आतां एकीचीही भर पडावयाची नाहीं, आणि म्हणूनच त्यांच्या जीर्णोद्धारास अर्थ आहे.

ह्या गाड्यांचा मुख्य शत्रु गंज. उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यांत रस्त्यांवरील बर्फ वितळावें म्हणून मीठ टाकतात. तें चाकांनीं उडून पत्र्याच्या सांध्यांत बसतें आणि आंतून पोखरीत जातें. मागच्या चाकांवरील पत्रा, बैठकीखालची जमीन, डिकीचा तळ आणि पुढच्या कांचेचें बूड हीं त्याचीं आवडतीं ठिकाणें. वरून रंग चकचकीत, आणि बोटानें दाबलें तर पत्रा कुरडईसारखा चुरतो! उलट ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशांतील गाडीचा पत्रा शाबूत असतो, पण उन्हानें गाद्या विटलेल्या व डॅशबोर्ड तडकलेला असतो. ह्यास्तव जाणते लोक नेहमीं असें सांगतात कीं, गाडी घेतांना रंग पाहूं नये, पोट पाहावें.

प्रत्यक्ष कामाची पहिली पायरी पान्याची नसून कागदाची आहे. गाडीचा क्रमांक, पत्र्यावर ठोकलेली कारखान्याची पट्टी, इंजिनावरील ओतीव व ठोकीव अंक, हें सारें आधीं उतरून घ्यावें लागतें. कारखान्यांत प्रत्येक गाडीबरोबर तिच्यांत काय काय बसवावयाचें त्याची एक यादी फिरत असे. काम झालें म्हणजे कोणी कामगार ती बैठकीच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर खुपसून देई. पन्नास वर्षांनीं बैठक उसवतांना तो पिवळा, उंदरांनीं कुरतडलेला कागद हातीं लागला, तर त्या घरीं सणाचा दिवस समजावा. पाँटिॲकच्या मूळ विक्रीच्या नोंदींच्या प्रती, तसेंच फोर्डच्या १९६७ नंतरच्या गाड्यांची कारखान्यांतील नोंद, पैसे भरून आजही मिळते.

दुसरी पायरी सुटें करण्याची. येथें शिस्त नसेल तर पुढें काशीस जाण्याचीच वेळ. प्रत्येक स्क्रू निराळ्या पिशवींत, पिशवीवर चिठी, आणि सोडण्यापूर्वीं छायाचित्र. 'आठवेल आपल्याला' असें म्हणणाऱ्याची गाडी दहा वर्षें डब्यांतच राहते. जी. टी. ओ. व लेमान्स ह्या गाड्यांची लोखंडी चौकट निराळी असून शरीर तिच्यावर बोल्टांनीं बसविलेलें असतें, म्हणून तें उचलून बाजूस ठेवतां येतें; मस्टँगसारख्या गाडींत शरीर हीच चौकट असते, तेथें तसें चालत नाहीं. मग वाळूसारख्या कणांच्या माऱ्यानें जुना रंग व गंज काढणें, सडलेला पत्रा कापून नवा वेल्डिंगनें जोडणें, अस्तर देणें, पुटी भरून घासणें, हीं कामें महिनोन् महिने चालतात. बाहेरून पाहणारास वाटतें कीं काम रंगाचें आहे. वस्तुतः नव्वद टक्के काम घासण्याचें आहे.

तिसरी पायरी इंजिन. येथें इंचाचे हजार भाग करून त्यांत बोलण्याची रीत आहे. सिलिंडर झिजून लंबगोल झाला असेल तर तो सामान्यतः तीस हजारांश इंच मोठा कोरून त्यांत मोठे पिस्टन घालतात. पाँटिॲक, शेव्हरोले व क्रायस्लर ह्यांच्या त्या काळच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनांत ठिणगी एक-आठ-चार-तीन-सहा-पांच-सात-दोन ह्या क्रमानें पडते. आमच्यासारख्या क्रमपाठाची आवड असलेल्या माणसास हें सूत्र ऐकून मोठा आनंद झाला. दोन तारांची अदलाबदल झाली तर इंजिन चालतें, पण खोकत चालतें. अगदीं स्वर चुकलेल्या विद्यार्थ्यासारखें!

काळ बदलल्यामुळें उत्पन्न झालेल्या अडचणी आणखी निराळ्या. जुन्या पेट्रोलांतील शिसें झडपांच्या बैठकींस वंगणासारखें उपयोगी पडे. अमेरिकेंत १९९६ पासून रस्त्यावरील वाहनांस शिशाचें पेट्रोल पूर्ण बंद झालें. म्हणून दुरुस्तींत तेथें कठीण पोलादाचीं कडीं बसवितात. हल्लींच्या इंजिन ऑइलांत जस्त व फॉस्फरस असलेलें द्रव्य पूर्वींपेक्षां कमी असतें, कारण तें आधुनिक गाड्यांच्या धूरशोधकास बाधतें. पण जुन्या धाटणीचा कॅमशाफ्ट त्याच द्रव्याच्या आधारावर टिकतो. म्हणून असा नवा कॅमशाफ्ट बसविल्यावर योग्य तेल घालून, पहिल्यांदा चालू होतांच इंजिन मंद न ठेवतां मिनिटास सुमारें दोन हजार फेऱ्यांवर वीस मिनिटें चालवावें लागतें. पहिल्या वीस मिनिटांची हयगय केली, तर दोन वर्षांचें काम धुळीस मिळतें.

एवढें सांगितल्यावर मुख्य मुद्द्याकडे वळूं. गाडी 'पूर्ववत्' करावयाची म्हणजे कोणत्या पूर्वस्थितीस न्यावयाची? हा प्रश्न आम्हांस अगदीं ओळखीचा वाटतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ मध्यें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम हातीं घेतलें आणि तें १९६६ मध्यें पुरें झालें. डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर ह्यांनीं त्या कामास जी शिस्त लावून दिली, तिचें सार असें कीं, संपादकानें स्वतःस गोड वाटेल तो पाठ घालावयाचा नाहीं. हस्तलिखितांची साक्ष ज्या पाठास आहे तोच घ्यावयाचा, आणि जें मागाहून आलेलें तें फेंकून न देतां निराळें दाखवावयाचें. मोटारीचा सच्चा जीर्णोद्धारक हेंच करतो. कांचेच्या कोपऱ्यांतील तारखेची खूण गाडीच्या तारखेशीं जुळते कीं नाहीं, बोल्टाच्या डोक्यावर कोणत्या कारखान्याचा शिक्का आहे, तपासनिसानें खडूनें केलेली खूण कोठें होती, हें तो शोधतो आणि टिपून ठेवतो.

येथें एक गंमत आहे. कारखान्यांतून निघालेल्या मूळ गाड्या कांहीं निर्दोष नव्हत्या. रंगाचे ओघळ, पत्र्यांच्या सांध्यांतील कमीजास्त फटी, घाईनें मारलेले फवारे हे त्यांत असत. आजचा हौशी माणूस हे सारे दोष घालवून आरशासारखी गाडी करतो, आणि ती पूर्वीं कधींच नव्हती इतकी सुंदर होते. आम्हीं संस्कृत शिकवितांना मुलांस सांगत असूं कीं, लेखनिक अडाणी असला तर त्याची चूक ओळखूं येते, पण पंडित लेखनिकानें केलेली सुधारणा ओळखूं येत नाहीं, म्हणून तीच अधिक घातक. मोटारींतही तोच न्याय लागू आहे.

सुधारणेहून वाईट तें प्रक्षिप्त. १९६४ व १९६५ सालची जी. टी. ओ. ही वर सांगितल्याप्रमाणें स्वतंत्र मोटार नव्हती, जादा सामान घेतलेली लेमान्स होती; म्हणून त्या दोन वर्षांच्या गाडीच्या क्रमांकावरून ती साधी कीं खरी तें कळत नाहीं. १९६६ पासून ती स्वतंत्र झाली आणि तिच्या क्रमांकाच्या आरंभीं २४२ हे अंक येऊं लागले. अर्थात् १९६५ च्या साध्या लेमान्सवर मोठें इंजिन व तीं तीन अक्षरें चढविलीं, तर डोळ्यांस फरक दिसणें कठीण. मूळ विक्रीची नोंदच काय ती खरें बोलते. अशा गाड्या करणें हा अपराध नव्हे. 'ही मूळची लेमान्स आहे, मीं हौसेनें असें रूप दिलें' असें सांगून विकणारे पुष्कळ प्रामाणिक लोक आहेत. पण तेंच न सांगतां विकणारेही आहेत, आणि त्याहून पुढें जाऊन इंजिनावरील जुने अंक घासून नवे ठोकणारेही आहेत. आतां आमच्या भगिनींचे चिरंजीव कोणता 'हट्ट' धरून बसले आहेत तें ध्यानांत यावें. त्यांची गाडी साधी आहे आणि ती साधीच राहावी, एवढेंच ते म्हणतात. ज्या हट्टांत पदरचें नुकसान आहे आणि कोणा तिऱ्हाइताची फसवणूक नाहीं, त्यास आमच्या कोशांत निराळा शब्द आहे.

कधीं कधीं तर कांहींच न करणें हाच उत्तम जीर्णोद्धार ठरतो. १९६८ च्या 'बुलिट' ह्या चित्रपटांत स्टीव्ह मॅक्क्वीन ह्या नटानें हांकलेली हिरवी मस्टँग १९७४ मध्यें एका कुटुंबानें विकत घेतली. घरची बाई शिक्षिका. ती तीच गाडी घेऊन शाळेंत जात असे. पुढें गाडी वर्षानुवर्षें पडून राहिली. नंतर त्या कुटुंबानें तिचें यंत्र चालतें केलें. परंतु विटलेला रंग, चरे, गंज, इतकेंच नव्हे तर कॅमेरे बसविण्यासाठीं गाडीस जोडलेले लोखंडी तुकडेही तसेच राहूं दिले. जानेवारी २०२० मध्यें फ्लोरिडांतील लिलावांत ती गाडी दलालीसह ३७ लाख ४० हजार डॉलरांस गेली. नवा रंग दिला असता तर ती एक सुंदर मस्टँग झाली असती. पण तशा सुंदर मस्टँग पुष्कळ आहेत. हौशी लोकांत म्हणच आहे कीं, गाडी मूळ एकदांच असते.

ह्यावरून कोणी असें मात्र समजूं नये कीं, हा पैसे मिळविण्याचा धंदा आहे. वरची गाडी अपवाद. साधारण गाडीवर पत्रा, रंग, इंजिन व गाद्या ह्यांचा खर्च मांडला, तर तो बहुधा तिच्या विक्रीच्या किमतीहून अधिक भरतो, आणि मालकाच्या श्रमाचे तास त्यांत धरलेलेही नसतात. ज्यास नफा हवा त्यानें दुसऱ्यानें पुरी केलेली गाडी घ्यावी. तीच स्वस्त पडते. शिवाय प्रकृतीचे धोके आहेत. आजच्या दुहेरी रंगांतील आयसोसायनेट नांवाच्या द्रव्यानें दमा जडतो. त्यास साधा फडका पुरत नाहीं, शुद्ध हवेची नळी असलेला मुखवटा लागतो. जुन्या ब्रेकांच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. ती धूळ हवेच्या झोतानें कधींही उडवूं नये. आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणीही, क्षणभरही, शिरूं नये. पक्क्या लोखंडी घोड्या लावूनच शिरावें. मातोश्रींनीं चिरंजीवांस पत्र लिहावयाचेंच तर नखांतील ग्रिसाविषयीं न लिहितां ह्या तीन गोष्टींविषयीं लिहावें. ह्या गाड्या पेट्रोल पितात हेंही खरें. तथापि वर्षांतून थोडेच मैल चालणाऱ्या एका गाडीनें होतें त्याहून अधिक पेट्रोल आपण रोजच्या अनावश्यक फेऱ्यांत जाळतों.

राहतां राहिला हातांचा प्रश्न. आपल्या समाजांत पुस्तक हातीं धरणारा श्रेष्ठ व पाना धरणारा कनिष्ठ हा समज फार खोल रुजलेला आहे. अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत मॅक्फर्सन कॉलेज नांवाची संस्था आहे. तेथें जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार ह्या विषयांत चार वर्षांची पदवी मिळते. पत्रा ठोकणें, गाद्या शिवणें, इंजिन बांधणें ह्यांच्याबरोबर मोटारीचा इतिहासही विद्यार्थ्यांस शिकावा लागतो. हातास बुद्धि व बुद्धीस हात असल्यावांचून हें शास्त्र साधत नाहीं, हें त्या लोकांनीं ओळखलें. गंजलेला बोल्ट जोरानें सुटत नाहीं, तुटतो. त्यास तेल, थोडी ऊब आणि धीर लागतो. हा धडा आम्ही अनेक वर्षें फळ्यासमोर उभे राहून देत होतों, पण इतका स्पष्ट आम्हांसही देतां आला नाहीं.

शेवटीं एक सूचना, आणि ती मोटारवाल्यांइतकीच घरांतील जुना झोंपाळा, पितळी समई किंवा आजोबांचें घड्याळ दुरुस्त करणारांसही आहे. जुन्या पोथीच्या अखेरीस लेखनिक पुष्पिका लिहीत असे: ही प्रत अमुक शकांत, अमुक गांवीं, अमक्यानें, तमक्या प्रतीवरून उतरली, चूक राहिली असल्यास सज्जनांनीं क्षमा करावी. आज त्या चार ओळींवरूनच संशोधक शतकांचें अंतर ओलांडून खरें काय तें सांगूं शकतात. जीर्णोद्धार करणारानेंही तसेंच करावें. कोणता पत्रा मूळचा, कोणता नवा, इंजिन कोठून आणिलें, रंग कोणत्या साली दिला, काय कळलें नाहीं म्हणून तसेंच सोडलें, हें एका वहींत स्वच्छ अक्षरांत लिहून ती वही गाडीबरोबर ठेवावी. गाडी आपल्यामागें दुसऱ्या कोणाच्या तरी हातीं जाणारच आहे. तो माणूस आपणांस ओळखणार नाहीं. पण एखाद्या दिवशीं तो बैठक उचलील, ती वही उघडील, आणि पुढें काय करावयाचें व काय करावयाचें नाहीं हें त्याला त्या क्षणीं कळेल.